मिनिटभराच्या बोलण्याचं माप

वडनेरच्या प्रेमदास ताकसांड्यांची कांता लहानपणी एवढी बोलायची, की तिला शेजारी निरोप घेऊन धाडायची सोय नव्हती. एक निरोप दिला तर ती चार सांगून यायची आणि येताना शेजारच्या घरातले दोन घेऊन यायची. वस्तीत तिला सगळे 'किटकिटी' म्हणायचे. आई तानाबाई वैतागायची. पण बाप हिंगणघाटच्या गिरणीत कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. त्याला त्या बडबडीचं भारी कौतुक. गिरणीच्या खडखडाटात आठवडाभर माणसाचा शब्द धड कानावर पडत नाही, ती कसर पोरगी भरून काढते, असं तो म्हणायचा. "एवढी बोलून राह्यली तं इले मास्तरीणच करू," असं त्यानं एकदा ठरवलं आणि ते तडीस नेलं. ज्या वर्षी वस्तीतली झाडून सारी माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षेला जाऊन आली, त्याच वर्षी कांता हिंगणघाटच्या मुलींच्या प्राथमिक शाळेत रुजू झाली.

तिच्या मास्तरकीच्या परीक्षेला नागपूरहून परीक्षक म्हणून शकुंतलाबाई देवपुजारी आल्या होत्या. ट्रेनिंग कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. चाळिशीच्या, उंच, भरभर चालणाऱ्या आणि बोलताना मध्येच थांबून समोरच्याकडे चष्म्यातून रोखून पाहणाऱ्या. पाठ घेताना कांतानं वर्गातल्या पोरींना त्यांच्याच बोलीत बोलतं केलं, ते शकुंतलाबाईंनी लक्षात ठेवलं होतं. म्हणून पुढच्या वर्षी, सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात, त्यांनी तिला एका रविवारी वर्ध्याला बोलावून घेतलं. तिथल्या एका डॉक्टरांकडे एक मुलगी तपासायची होती, आणि मुलीला शहरी बोलणं समजत नव्हतं.

मुलीचं नाव गुलाब. नऊ वर्षांची. गिरडच्या टेकडीखालच्या एका खेड्यातून तिचा बाप हरिदास तिला दोन मोटारी बदलून घेऊन आला होता. उन्हाळ्यात तिला मेंदूचा ताप आला. त्यातून जीव वाचला, हातपाय सुधारले, पण बोलणं आटलं. आधी पोरगी कशी होती हे सांगताना हरिदासचा आवाज मोठा व्हायचा आणि आता कशी आहे हे सांगताना एकदम खाली यायचा.

शकुंतलाबाईंनी बारीकसारीक पुष्कळ गोष्टी करून घेतल्या आणि शेवटी थांबवता येणारं घड्याळ बाहेर काढलं. काटा एक फेरा मारेपर्यंत जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगायची, असं त्यांनी सांगितलं. कांतानं ते तिच्या बोलीत करून दिलं. गुलाबनं आढ्याकडे पाहिलं. "गाय," ती म्हणाली. पुष्कळ वेळानं "बकरी" म्हणाली. मग पुन्हा "गाय". मग बापाकडे वळून, घरी चाल, एवढंच.

शकुंतलाबाईंनी एक जाड इंग्रजी पुस्तक उघडलं, एका पानावर बोट ठेवलं आणि थोड्या वेळानं पुस्तक मिटलं. हरिदासनं विचारलं, "बाई, माही पोट्टी आता अशीच राहीन का? जे हाये ते खरं सांगा."

"मला सांगता येत नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "या पुस्तकात माप आहे, पण ते परदेशातल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचं आहे. तुमच्या गावातल्या नऊ वर्षांच्या चांगल्या मुलीला मिनिटात किती नावं सांगता यावीत, हे आजवर कोणी विचारलेलंच नाही. तुलना करू तरी कशाशी?"

हरिदास मान हलवून मुलीला घेऊन गेला. कांता मात्र शकुंतलाबाईंबरोबर टांग्यात बसली ती धुमसतच. स्टेशन येईपर्यंत तिनं कसाबसा धीर धरला आणि मग म्हणाली, "कोणी विचारलं नाही, तर आपण विचारू ना, बाई. पोरं काय कमी आहेत का जिल्ह्यात?"

शकुंतलाबाईंनी तिच्याकडे चष्म्यातून रोखून पाहिलं. त्यांच्या डोक्यात ही गोष्ट दोन वर्षं घोळत होती. त्यांना फक्त गावोगाव फिरणारं, पोरांच्या बोलीतलं माणूस सापडत नव्हतं. गाडी फलाटाला लागली तरी दोघींचं बोलणं संपलं नव्हतं. कांताची हिंगणघाटची गाडी तर त्या भरात निघूनच गेली.

वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत आलं होतं. मुलं तपासायची परवानगी मागायची कोणाकडे, हे शोधण्यातच दिवाळी आली. पण मिळाली. थंडीचे महिने कांताला शाळेतून मोकळीक मिळाली आणि एक घड्याळ तिच्या हाती आलं. काम ऐकायला सोपं होतं. सहा ते अकरा वयाची मुलं गावागावांतून घ्यायची; प्रत्येकाला एक मिनिट प्राण्यांची नावं आणि एक मिनिट खायच्या वस्तूंची नावं विचारायची; सांगेल तो प्रत्येक शब्द टिपायचा. पुरेशी मुलं झाली, की कोणत्या वयाचं मूल साधारण किती बोलतं याचं कोष्टक तयार.

घरी तिनं पहिला सराव आईवर केला. खायच्या वस्तू सांग म्हटल्यावर तानाबाईंनी अंबाडीच्या भाजीपासून सुरुवात केली आणि अंबाडी कशी निवडावी, कशी उकडावी, पाणी किती काढावं हे सांगत राहिल्या. काटा फिरून गेला तरी त्या अंबाडीवरच होत्या. कांता हसून हसून खाटेवर आडवी झाली.

खरी अडचण निघाली ती वेगळीच. शकुंतलाबाईंचा नियम कडक होता: प्रत्येक मुलाला सूचना शब्दाला शब्द तीच द्यायची, आणि एकदा घड्याळ सुरू झालं की तपासणारीनं गप्प बसायचं. मूल अडलं तरी 'आणखी?' म्हणायचं नाही, डोळ्यांनी सुचवायचं नाही, शाबासकी द्यायची नाही. एकाला टेकू दिला आणि दुसऱ्याला नाही, तर माप कसलं? कांताला हे पटत होतं. पण बोलणाऱ्या माणसासमोर मिनिटभर तोंड मिटून बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. नागपूरला शकुंतलाबाईंच्या घरी सराव करताना ती दर वेळी पाव मिनिटात फुटायची. शेवटी तिनं जिभेखाली लवंग धरायला सुरुवात केली. लवंग तोंडात आहे म्हणजे तोंड बंद, एवढं स्वतःला बजावून ती बाहेर पडली.

पहिल्या गावी दोघी मिळून गेल्या. शाळेच्या दारात मोटारीतून दोन बाया उतरल्या, एकीच्या खांद्याला पिशवी, दुसरीच्या हातात चकचकीत काहीतरी. ते पाहून कोणीतरी पोरगं "टोचनवाल्या आल्या" एवढंच बोललं, आणि शाळा रिकामी झाली. पोरं खिडकीतून गेली, कुंपणावरून गेली, एक तर मास्तरांच्या टेबलाखालून सरपटत गेलं. त्याच महिन्यात गावात क्षयाची लस टोचून गेले होते. कांता पोरांच्या मागं धावली. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, एका टोळक्याला गाठून तिनं आपली पिशवी उपडी करून दाखवली: कागद, पेन्सिली, लवंगांची पुडी, बाकी काही नाही. तेव्हा कुठं पोरं दबकत दबकत परत आली.

आणि परत आली ती गप्पच. शाळेत तोंड उघडलं तर छडी बसते, हे त्यांना चांगलं शिकवलेलं. आता अनोळखी बाई म्हणते बोल. जी बोलली त्यांनी दुसरंच कोडं घातलं. 'प्राणी' हा पुस्तकी शब्द लहानांना कळत नव्हता, म्हणून कांतानं 'जनावरं सांग' म्हणून पाहिलं. समोरच्या पोरानं तोंड भरून सांगितलं: नाग, घोणस, मण्यार, धामण, दिवड, फुरसं. काटा संपला तरी दुसरं काही नाही. कांताला आधी उमगेना, आणि मग एकदम उमगलं. त्याच्या घरी सापाला साप म्हणत नसत. सापालाच 'जनावर' म्हणत. पोरानं विचारलं त्याचं चोख उत्तर दिलं होतं.

शकुंतलाबाई यानं खट्टू होण्याऐवजी खुलल्या. सुरुवातीची गावं ही असल्याच चुका धरायला असतात, असं म्हणून त्यांनी तिथंच शाळेच्या ओसरीवर बैठक मारली. सूचना नव्यानं बांधायची ठरली, आणि दुपारभर दोघी एकेका शब्दावरून भांडत राहिल्या. अखेर सूचना झाली ती अशी: गावातलं, रानातलं, आभाळातलं, पाण्यातलं, जे जे जिवंत हलतं-फिरतं त्याची नावं सांग, जेवढी येतील तेवढी, भरभर. ही सूचना ऐकून लहानातलं लहान पोरही चटकन बोलायला लागलं. 'क'पासून सुरू होणारे शब्द सांगायची तिसरी तपासणीही ठरली होती. पण तिथं मुलं का, कि, की, कु करत बाराखडीच म्हणायला लागली, तेव्हा ती त्यांनी सोडून दिली.

मग शब्द मोजण्याचा वाद. शेतकऱ्याचं पोर गाय म्हणून थांबत नसे. बैल, गोऱ्हा, कालवड, वासरू. म्हैस, हेला, वगार, रेडकू. शकुंतलाबाईंना वाटे हे सगळं दोनच जनावरांत जमा धरावं. कांता म्हणाली, उद्या दूध देईल म्हणून वगार विकत आणायला गेलेला माणूस हेला, म्हणजे रेडा, घेऊन आला तर त्याला घरात कोण घेईल? शकुंतलाबाईंनी विचार करून ते मानलं: जिथं नाव वेगळं आणि जनावरही वेगळं, तिथं शब्द वेगळा. मात्र माकड म्हणून पुन्हा बंदर म्हटलं तर एकच. आणि घरच्या बैलांची ठेवलेली नावं मोजायची नाहीत. हा शेवटचा नियम एका मुलीमुळे करावा लागला. तिनं मिनिटभर गावातल्या सगळ्या बैलजोड्या मालकांसकट सांगितल्या होत्या.

नियम पक्के झाल्यावर कांता एकटी फिरू लागली. हिंगणघाटच्या आसपासच्या एका मोठ्या गावात तिची पहिली खरी परीक्षा झाली. ती पोचली तेव्हा हेडमास्तरांनी मुलं रांगेत उभी करूनच ठेवली होती. तेल लावून भांग पाडलेली, सगळी वर्गात पहिली-दुसरी येणारी. गावाची अब्रू जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. कांतानं सांगितलं, निवडलेली मुलं नकोत. गावातल्या त्या वयाच्या प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी टाकायची, शाळेत येणाऱ्याची आणि न येणाऱ्याचीही, आणि निघेल ते मूल तपासायचं. हेडमास्तर गावच्या रूपरावांना बोलावून घेऊन आले. रूपराव म्हणजे गावातला सगळ्यांत मोठा कापूसवाला, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. त्यांचा नातू रांगेत सगळ्यांच्या पुढं होता.

चिठ्ठ्यांत वस्तीतल्या पोरांची नावंही पडणार का, असं रूपरावांनी विचारलं. पडणार, कांता म्हणाली. ती कोणाची लेक, कुठल्या वस्तीतली, हे तिथं साऱ्यांना ठाऊक होतं.

"आमच्या गावची परीक्षा घ्याले आल्या, अन् आमचे हुशार पोट्टे सोडून देता," रूपराव म्हणाले. "ह्याले काय अर्थ हाये?"

कांताच्या तोंडात उत्तर आपसूक आलं. तिनं विचारलं, "काका, तुमची कापसाची बैलबंडी हिंगणघाटच्या बाजारात उभी राह्यली, तं व्यापारी कापूस कोठून काढून पाह्यते?"

रूपरावांना हसू आलं. "मधातून काढते. हात खुपसून. वरचा पाह्यत नाई, त्याले मालूम हाये वर चांगलाच टाकला असते."

"तसंच हाये. मले बंडीचा भाव सांगाचा हाये, वरच्या थराचा नाई."

रूपरावांनी स्वतः चिठ्ठ्या टाकायला घरून धान्याची पायली मागवली. पारावर गाव जमलं. चिठ्ठी निघाली की आरोळी होई आणि ज्याचं नाव त्याला पुढं ढकलत. रूपरावांच्या नातवाची चिठ्ठी निघाली नाही. आजोबांनी आणखी एकदा हात घालायची सवलत मागितली, ती कांतानं दिली नाही. बौद्ध वस्तीतल्या जिजाची चिठ्ठी मात्र निघाली. दहा वर्षांची, शाळा सोडलेली, आणि त्या घडीला रूपरावांच्याच शेतात कापूस वेचत असलेली.

कांता शेतावर गेली, मागं अर्धं गाव. सगळ्यांना तिनं धुऱ्यावर लांब थांबवलं आणि जिजाला घेऊन पळसाखाली बसली. ओटीतला कापूस बाजूला ठेवायला लावला. सूचना दिली, घड्याळ दाबलं, लवंग दाताखाली धरली.

जिजा क्षणभर मातीकडे पाहत राहिली आणि मग सुरू झाली. आधी गोठ्यातलं सगळं. मग उंबऱ्यातलं: कुत्रं, मांजर, उंदीर, घूस, पाल. मग एकदम मान वर करून आभाळातलं: कावळा, चिमणी, राघू, मैना, होला, घार. तिथून तूर आणि कपाशीच्या पराटीतलं: तितूर, लावा, ससा, मुंगूस, कोल्हा, रोही, रानडुक्कर. कांताची पेन्सिल मागं पडायला लागली, तशी ती शब्दांची पहिली अक्षरंच लिहीत सुटली. पोरगी आता पाण्यात उतरली होती: मासोळी, खेकडा, बेडूक, कासव. हात जमिनीला टेकवून मुंगी, मुंगळा, विंचू, गोम. मध्ये ती अडली. कांताच्या ओठांवर 'आणखी' आलं आणि तिनं लवंग कचकन चावली. डोळ्यांत पाणी आलं. जिजा म्हणाली, "अन् अस्वल." काटा जागेवर आला.

कांतानं घड्याळ थांबवलं. इतकी मुलं तिनं ऐकली होती, पण एका मिनिटात अख्खं शिवार समोरून चालत गेल्यासारखं तिला कधी झालं नव्हतं. नियमाप्रमाणं शाबासकी द्यायची नव्हती, म्हणून ती फक्त जिजाचा हात धरून तिला पुन्हा वेचणीच्या ओळीपर्यंत पोचवून आली. येताना ती रूपरावांना म्हणाली, की या पोरीला शाळेत पाठवा. वेचणी झाल्यावर पाहू, असं ते म्हणाले. त्यांनी ते पाहिलं की नाही, हे कांताला पुढं कळलं नाही. त्या गावाला तिचं पुन्हा जाणं झालं नाही.

पण त्या दिवसाची बातमी मात्र कांताच्या पुढं धावली. पायलीतल्या चिठ्ठ्या, शेतातली परीक्षा, मिनिटाचं घड्याळ. गावोगाव हा एक खेळच होऊन बसला. विहिरीवर बाया एकमेकींना अडवून भाज्यांची नावं विचारत. आनंदाबाई नावाची एक म्हातारी कांताला मोटारतळावर गाठून म्हणाली, मलाही विचार, आणि मोटार सुटेपर्यंत धान्यांची नावं सांगत राहिली. कांता नुसती तरंगत होती. आपण विचारलं म्हणून सगळा तालुका बोलायला लागला, असं तिला वाटत होतं.

त्याच भरात ती वणा नदीच्या काठच्या दोन-तीन गावांत जाऊन आली. तिथली मुलं काय बोलत होती! सहा वर्षांचं पोरही धडाधड सांगायचं. कांतानं उत्साहात शकुंतलाबाईंना निरोप धाडला, की या बाजूची मुलं सगळ्यांच्या वरचढ आहेत. आणि मग एका दुपारी कागद लावून ठेवताना तिची नजर अडली. पहिलं मूल: हत्ती, सिंह, वाघ, उंट, घोडा. दुसरं: हत्ती, सिंह, वाघ, उंट, घोडा. तिसरं तसंच. खेड्यातलं पोर गायबैल सोडून उंटापासून सुरुवात कशाला करेल? तिनं सगळे कागद जमिनीवर पसरले. तोच क्रम, त्याच गावात आणि पुढच्याही गावात. ती येणार हे कळल्यावर मास्तरांनी नावं फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतली होती. बंडीत वर चांगला कापूस टाकला होता, आणि तो पाहून तीच भुलली होती.

तिला रडू आलं, ते थंडीतल्या त्या पायपिटीसाठी. मग ती तडक नागपूरला गेली आणि ते कागद शकुंतलाबाईंच्या पुढं ठेवून म्हणाली, "बाई, हे सगळं फेकून द्यावं लागेल."

शकुंतलाबाईंनी एकेक कागद पाहिला. मग त्या म्हणाल्या, "फेकूच. पण हे तू पकडलंस ते बरं झालं. कोष्टकात मिसळलं असतं, तर उद्या एखाद्या चांगल्या पोराला आपणच मंद ठरवलं असतं." आणि लगेच जिल्ह्याचा नकाशा काढला. बातमी हिंगणघाटच्या बाजाराबरोबर फिरते. समुद्रपूर-गिरडच्या बाजूला ती अजून पोचली नसेल. बाजाराचा दिवस चार दिवसांवर होता. त्याच्या आत तिकडची गावं उरकायची, कोणालाही न कळवता, कोणतं गाव ते सकाळी चिठ्ठी काढून ठरवायचं.

ती धावपळ कांता जन्मभर विसरली नाही. शकुंतलाबाईही पदर खोचून बरोबर निघाल्या. पहाटे मोटार, मग बंडी, बंडी नसेल तिथं पायी. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना वाटेत सायकलवर एखादा माणूस पुढं गेला, की कांता त्याला थांबवून गप्पांत गुंतवायची आणि शकुंतलाबाई तेवढ्यात पुढं सटकायच्या. गिरडला दर्ग्याच्या पायऱ्यांवर दोघींनी शिळ्या भाकरी खाल्ल्या आणि खालच्या खेड्यांकडे बोट दाखवत, आता कुठलं, आता कुठलं, असं चिठ्ठ्या काढत बसल्या. मुलं बिनसरावाची, सुचेल तसं सांगणारी, मध्येच अडणारी, मध्येच हसणारी. एकाचीही यादी दुसऱ्यासारखी नाही. प्रत्येक नवा क्रम ऐकताना कांताला हायसं वाटायचं. बाजाराच्या दिवशी दुपारी एका मास्तरांनी "तुम्ही त्या जनावरवाल्या बाई ना?" असं विचारलं, तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. काम झालं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शकुंतलाबाईंच्या घरी वाळ्याचे पडदे लावून मोजणी चालली. रोज एका वयाचा गठ्ठा. सहा वर्षांच्या मुलांपेक्षा सातची थोडी वर, सातपेक्षा आठची, आठपेक्षा नऊची. शकुंतलाबाईंनी चौकटींच्या कागदावर ठिपके दिले आणि ते जोडले, तेव्हा जिन्यासारखी चढत जाणारी रेघ उमटली. ती पाहून कांतानं टाळी वाजवली. ही तिच्या जिल्ह्यातली मुलं होती. एकेकटी पाहिली तर वेडीवाकडी, कोणी सापांवर अडलेलं, कोणी बैलजोड्यांवर, आणि सगळी मिळून अशी शहाण्यासारखी रांगेत उभी. शाळेत न गेलेल्या मुलांची रेघ मात्र खाली राहिली. जिजासारखं एखादंच वर चमकत होतं. कांताला ते बोचलं. त्या मुलांना शाळेत जाणाऱ्यांच्या मापानं मोजणं बरोबर नाही, त्यांचं कोष्टक वेगळं ठेवा, असा तिनं आग्रह धरला. आणि शकुंतलाबाईंनी ते वेगळं ठेवलं.

दिवाळीनंतर वर्ध्याच्या डॉक्टरांनी हरिदासला पुन्हा बोलावलं. गुलाब आता दहा वर्षांची होती, उंच झाली होती आणि बापाच्या मागं न लपता पुढं येऊन बसली. शकुंतलाबाईंनी आधी तिची जुनी उत्तरं कोष्टकाशी लावून पाहिली. ती सगळ्यांत तळाला, रेघेच्या पार खाली होती. तापानं खरंच घाव घातला होता. ते परक्या पुस्तकाचं खोटं नव्हतं. कांताचं तोंड उतरलं. प्राण्यांची नावं गुलाबला आधी विचारून झालेली, म्हणून या वेळी खायच्या वस्तू विचारायच्या ठरल्या. घड्याळ कांताच्या हाती दिलं गेलं.

"भाकर," गुलाब म्हणाली. थांबली. "चटणी. मीठ. कांदा." बोलणं हळूहळू येत होतं, पण येत होतं. तुरीचं वरण, आंबील, बोरं, चिंच, ऊस, हुरडा. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसली: जिलेबी. दर्ग्याच्या यात्रेतली रेवडी, फुटाणे, मुरमुरे. हरिदास दाराशी उभा राहून बोटांवर शब्द मोजत होता. मध्ये मोठी पोकळी आली. कांतानं डोळे काट्यावर ठेवले. पुन्हा शब्द सुरू झाले आणि काटा फिरून येईपर्यंत थांबले नाहीत.

शकुंतलाबाईंनी शब्द मोजले, दहा वर्षांच्या ओळीवर बोट सरकवलं आणि ते बोट कोष्टकाच्या आत थांबलं. मधोमध नव्हे, खालच्या बाजूला; पण आत. त्यांनी पुन्हा मोजलं. मग चष्मा काढून कांताकडे पाहिलं आणि सांगायचं काम तिच्यावर सोपवलं.

"काका," कांता म्हणाली, "मागच्या साली गुलाब लय मागं पडली होती. आता तिच्या वयाच्या पोरीइतकी बोलते. जरा हळू बोलते, पण बोलते. इकडच्या पोट्ट्याइले इचारूनच सांगून राह्यली मी."

हरिदासनं ते दोनदा सांगायला लावलं. मग त्यानं विचारलं, "तं शाळेत धाडू का इले?"

"उद्याच धाडा."

हरिदासनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. गुलाबनं बापाला ओढत, मले भूक लागली, असं सांगितलं. एवढी नावं घेतल्यावर लागणारच होती. डॉक्टरांनी चिवडा मागवला.

कांता परत हिंगणघाटच्या शाळेत गेली. कोष्टक छापून आलं, वर्धा-नागपूरच्या काही डॉक्टरांनी ते मागून नेलं. त्या हिवाळ्यात शकुंतलाबाईंचा निरोप आला, की आर्वीकडच्या डोंगरातली गोंड मुलं घरी वेगळीच भाषा बोलतात. त्यांना मराठीत विचारून मापायचं म्हणजे पुन्हा तीच चूक. वाचून कांता सुट्टीची वाट पाहत बसली नाही. तिच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या देवकाबाई मूळच्या त्या डोंगरातल्या होत्या. मधल्या सुट्टीत कांता त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली आणि कुत्र्याला गोंडीत काय म्हणतात ते विचारलं. नय, देवकाबाई म्हणाल्या. मासोळीला? मीन. कांतानं दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणून पाहिले. देवकाबाईंनी हसत तिचा उच्चार सुधारला आणि पुढचा शब्द विचारायच्या आतच सांगून टाकला.